लोहचुंबकाला कुंकू

मन मोठं करावं, झालं-गेलं विसरावं, असं सांगणारी माणसं बहुतेक अशी असतात की त्यांचं स्वतःचं काही गेलेलं नसतं. अक्काताईचं गेलं होतं. म्हणून तिनं अकरा वर्षं एका माणसाला माफ केलं नाही, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नाही. उलट डाव साधायची वेळ आली तेव्हा ती नवं लुगडं नेसून गेली.

अक्काताई कांबळे निपाणीची. बाप लहानपणीच गेलेला. आई सुलाबाई तंबाखूच्या वखारीत कामाला. दिवसभर तंबाखू झाडायची, चाळायची आणि संध्याकाळी घरी येऊन खोकायची. त्या खोकल्यावर तिनं पोरगीला सातवी केली, ट्रेनिंगला घातलं आणि मास्तरीण केलं. बौद्धवाड्यातली ती पहिली मास्तरीण. नेमणुकीचा हुकूम आला त्या दिवशी सुलाबाईनं वखारीतल्या सगळ्या बायकांना गूळ वाटला आणि मुकादमालाही मुद्दाम नेऊन दिला.

नेमणूक होती चिंचमाळला. निपाणीहून तासाभराच्या वाटेवरचं शेतकऱ्यांचं गाव. तिथले हेडमास्तर नागोजी गुरुजी गावचेच, घरची शेती-बैलजोडी असलेले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, वेळेला पक्के. कुणाकडून शेंगांची पिशवीसुद्धा घेत नसत. शाळा आरशासारखी. त्यांना एकाच गोष्टीचं भय होतं, सरकारी वस्तू फुटण्याचं. नोकरीच्या सुरुवातीला शाळेचं घड्याळ कुणा पोरानं पाडलं आणि ते यांच्या पगारातून कापलं गेलं. तेव्हापासून हा माणूस खडूही मोजून देई. हे मी सांगतो ते खरं आहे म्हणून. अक्काताईला कुणी हे सांगितलं असतं तर तिनं ऐकून घेतलं नसतं, आणि मीही तिला आग्रह केला नसता.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. त्याच्या आधी वर्ष-दीड वर्ष सरकारकडून गावोगावच्या शाळांना विज्ञानाच्या पेट्या आल्या. हिरव्या रंगाची लाकडी पेटी. आत दोन लोहचुंबक, भिंग, ताप मोजायचा थर्मामीटर, काचेच्या नळ्या, बल्ब, तार, सेल. पोरांनी हाताळून शिकावं म्हणून पाठवलेली. पण पेटीबरोबर एक कागद आला होता. त्यात वरती पोरांनी हाताळावं असं होतं आणि खालती, फुटलं-हरवलं तर हेडमास्तर जबाबदार, असं होतं. गुरुजींनी वरची ओळ एकदा वाचली आणि खालची पाठ केली. पेटी कपाटात गेली. किल्ली करगोट्याला गेली.

वर्षातून एकदा मात्र पेटी बाहेर निघे, खंडेनवमीला. त्या दिवशी शेतकरी नांगर-कुळव पूजतात, सुतार वाकस-रंधा पूजतो, तशी शाळेनं विज्ञानाची पेटी पूजायची, असा गुरुजींनी पायंडा पाडला. टेबलावर धुतलेलं धोतर अंथरून सगळ्या वस्तू मांडायच्या. लोहचुंबकाला हळदकुंकू, भिंगाला झेंडूचं फूल, थर्मामीटरला अक्षता. पोरांनी ओळीनं येऊन हात जोडायचे, चिमूटभर साखर घ्यायची आणि पुढं सरकायचं. मग पेटी परत कपाटात. गावाला याचं मोठं कौतुक होतं.

अक्काताई नवी होती आणि तिला चौथीला तापमान शिकवायचं होतं. पुस्तकातलं थर्मामीटरचं चित्र एवढं पुसट की पोरांना ती काकडी वाटे. तिनं गुरुजींच्या मागं लागून लागून पेटी मागून घेतली. तासभर वर्गात जत्रा झाली. पोरांनी काखेत थर्मामीटर धरून ताप बघितला, एकमेकांचे आकडे ओरडून सांगितले. शाळेच्या मागं उपीट शिजवायला पाणी उकळत होतं. एका पोराला वाटलं, पाण्याला किती ताप हाय बघूया. तो गेला आणि थर्मामीटर आधणात बुडवला. तट्‌ आवाज झाला आणि थर्मामीटर फुटला. पोरगं रडायला लागलं.

खरं तर सगळ्या वर्गाला जन्मभर आठवणीत राहील असा तो धडा होता. अक्काताई तेच सांगणार होती, एवढ्यात गुरुजी आले. त्यांनी काचेचे तुकडे बघितले. पोराला काही बोलले नाहीत. सगळ्या शाळेसमोर अक्काताईला उभं केलं, तिच्या तळहातावर ते तुकडे ठेवले आणि म्हणाले,

"तुमच्या हातात दिलं की असंच व्हायचं."

'तुमच्या' म्हणजे कुणाच्या, हे त्या अंगणात उभ्या असलेल्या पहिलीतल्या पोरालाही कळलं. अक्काताई मान खाली घालून उभी राहिली. थर्मामीटर तिच्या पगारातून नवा आणवला. पण तेवढ्यावर गुरुजींचं समाधान झालं नाही. त्यांनी वर लिहिलं, त्यांचा कुणी पाहुणा कचेरीत होता, आणि जूनमध्ये बदलीचा हुकूम आला. कणकुंबी.

बेळगावच्या भागात नोकरी करणाऱ्याला कणकुंबी म्हणजे काय हे सांगायला नको. गोव्याच्या हद्दीवरचं रान. पाऊस एकदा बसला की उठत नाही. पायाला जळवा, अंथरुणाला बुरशी, ओढे भरले की बाहेरची वाट बंद. निघताना सुलाबाई म्हणाली की जा, पगार सारखाच हाय न्हवं. आणि तोंडाला पदर लावून खोकत राहिली. श्रावणात ती गेली. पाहुण्यांनी तार केली, ती वाटेतल्या जांबोटीपर्यंत आली आणि तिथंच अडकली, कारण पुढं गाडी जात नव्हती. अक्काताईला कळलं तेव्हा आईची माती होऊन चार दिवस झाले होते. ती पावसात जांबोटीपर्यंत चालत आली, तिथून निपाणीला आली, आणि कुलूप लावलेल्या दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

त्या उंबऱ्यावर तिनं रडून घेतलं आणि उठताना एक गोष्ट पक्की केली. नागोजी गुरुजींना हे ती कधीतरी परत देणार होती. कसं, ते तिला माहीत नव्हतं.

कणकुंबीत ती सहा वर्षं राहिली. रानातली पोरं. त्यांच्याकडं पाट्या धड नव्हत्या, मग पेटी कुठली. पण कुठलं लाकूड पाण्यात बुडतं आणि कुठलं तरंगतं हे ती पोरं आणून दाखवत. ओढ्याला पाणी आलं की बाईंचा हात धरून पार करून देत, आणि दारात जळवांसाठी चुना-तंबाखू ठेवून जात. तिथं तिला शिकवणं आलं. पुढं संकेश्वरजवळच्या शाळेत बदली झाली, बेळगावला विज्ञानाचं शिबिर झालं, त्यात तिचं नाव वर आलं. लोक तिला हुशार म्हणू लागले. तिनं ते ऐकून ठेवलं, उपयोगी पडेल म्हणून.

पंच्याऐंशी साली उपयोगी पडलं. चौथीच्या पोरांना विज्ञान कितपत समजतं याची चाचणी घ्यायचं वरून ठरलं. शिबिर केलेल्या मास्तरांनी दुसऱ्यांच्या शाळांत जाऊन पोरांना प्रश्न विचारायचे होते. चिंचमाळ वाट्याला आलं होतं परशराम मास्तरांच्या. ते तिच्याच शाळेतले, भला माणूस. तिनं आपल्या वाट्याची रस्त्यावरची सोयीची शाळा त्यांना देऊन टाकली आणि चिंचमाळ मागून घेतलं. उलटी अदलाबदल कोण करतं, म्हणून परशराम मास्तर चक्रावले. जुनी शाळा हाय, बघावीशी वाटतीया, एवढंच ती म्हणाली.

दिवाळीनंतर ती चिंचमाळात उतरली. गुरुजी आता म्हातारे दिसत होते. मार्चअखेर ते निवृत्त होणार होते आणि जानेवारीत गाव त्यांचा सत्कार करणार होतं. आमदार येणार, शाल-फेटा, मांडव, सगळं ठरलेलं. फक्त शाळेची ही चाचणी चांगली जावी, म्हणजे भाषणात सांगायला होईल, एवढीच त्यांची इच्छा. परीक्षक म्हणून अक्काताईला बघून ते जरा दचकले, मग सावरले. खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. आणि चहा येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले,

"आई बरी हाय न्हवं तुमची? वखारीत होती बघा."

अक्काताईनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. या माणसाला ठाऊकच नव्हतं. अकरा वर्षं ती ज्याच्यावर दात धरून होती, त्याला आपण काय केलं याचा पत्ताही नव्हता. तो सुखानं जेवला होता आणि झोपला होता. तिथंच सांगून टाकावं असं ओठावर आलं. पण चहाबरोबर उरकायची ती गोष्ट नव्हती.

"बरी हाय," ती म्हणाली आणि वर्गात गेली.

पोरं ठोकून तयार केलेली होती. लोहचुंबक म्हणजे काय, विचारल्यावर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला की लोहचुंबक लोखंडास आकर्षित करतो, त्यास दोन ध्रुव असतात. पाण्याच्या तीन अवस्था, हवेचे घटक, सगळं पाढ्यासारखं. दारात उभे असलेले गुरुजी पोरांबरोबर ओठ हलवत होते. अक्काताईनं पुस्तक मिटलं. शिबिरात तिला एकच गोष्ट पटली होती. पोराला समजलं का हे बघायचं तर, काय आहे ते विचारू नये, त्याचं काय करशील ते विचारावं.

"तुला लोहचुंबक दिला, तर तू काय करशील?"

पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची एक पोरगी, जया तिचं नाव, धीर करून उठली.

"कुंकू लावायचं, बाई."

"आणि?"

"पाया पडायचं. हात न्हाय लावायचा."

तिनं आणखी दोघांना विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं, एकानं साखरही सांगितली. अक्काताईला हसू आलं, आणि त्या हसण्यात दया कणभर नव्हती. तिनं गुरुजींना पेटी आणायला सांगितली.

करगोट्याची किल्ली निघायला वेळ लागला. पेटी टेबलावर आली. झाकण उघडल्यावर कुंकवाचा आणि सडक्या पाण्याचा वास आला. सेल फुटून त्यांचा चीक तारेवर, बल्बवर वाळला होता. भिंगावर हळदीचा थर. दोन्ही लोहचुंबक वर्षानुवर्षं सारखं टोक सारख्या टोकावर येईल असे दाबून ठेवलेले, वर कुंकवाची पुटं. थर्मामीटर तेवढा धड होता, अक्काताईच्या पगारातून आलेला. तिनं जयाच्या हातात लोहचुंबक दिला आणि टाचणी उचलायला सांगितली. जयानं आधी तो कपाळाला लावला, मग टाचणीला टेकवला. टाचणी जागची हलली नाही.

"नवमीला जागं होतंय ते, बाई," जया समजावून म्हणाली. "आज निजलंय."

लोहचुंबक असा दाबून ठेवला की हळूहळू त्याचा जोर जातो. पाया पडून पडून त्यांनी तो मारला होता. एक थर्मामीटर फुटला म्हणून जिला रानात धाडलं, तिच्यासमोर अख्खी पेटी सडून पडली होती. गुरुजींचा चेहरा चुन्यासारखा झाला. अक्काताईला त्यांच्या चेहऱ्याकडं बघायला बरं वाटत होतं, म्हणून ती बघत राहिली.

बाहेर आल्यावर गुरुजींनी हात जोडले. असं वर गेलं तर सत्कार राहू द्या, पेन्शनलाही आडकाठी येईल, म्हणाले. तिनं एक महिन्याची मुदत दिली. महिन्यानं ती परत येणार, पोरांना हाताळून सगळं यायला हवं, आणि शिकवणार ते गुरुजी स्वतः, दुसऱ्या मास्तरानं नाही. तोवर ती वर काही कळवणार नव्हती. गावात बातमी झाली की कांबळे बाई देवमाणूस, सांभाळून घेतलं. काही सांभाळून घेतलं नव्हतं. एका शेऱ्यात तो माणूस एका दिवसात संपला असता. तिला तो महिनाभर रोज हवा होता.

त्या महिन्यात गुरुजींनी निपाणीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून जुन्या भोंग्यांचे गोल लोहचुंबक आणले, नवे सेल आणले, पुस्तकं आणली. धोतर खोचून पोरांच्यात जमिनीवर बसू लागले. बल्ब लागत नसे तेव्हा पोरंच त्यांना तार कुठं टेकवायची ते सांगत. परशराम मास्तर तिकडून जाताना हे बघून आले आणि त्यांनी तिला सांगितलं. त्या रात्री अक्काताई एक भाकरी जास्त जेवली.

महिन्यानं ती गेली. वर्गात नुसता कालवा होता. जयानं वाळूत मिसळलेला लोखंडाचा कीस गोल चुंबकानं असा वेचून काढला की जणू जोंधळ्यातले खडे निवडते आहे. एकानं बल्ब लावला, विझवला, आणि तार मधे तोडली तर का विझतो तेही धड सांगितलं. पोरांना आलं होतं. अक्काताईला आनंद व्हायला हवा होता. तिला राग आला. एवढं सोपं होतं. एवढंच करायचं होतं, आणि ते त्या वेळी केलं असतं तर आईच्या उशाशी ती असती.

शेवटी थर्मामीटर. तिनं गुरुजींनाच तो दाखवायला सांगितलं. गुरुजी उठले. पारा खाली उतरवायला त्यांनी थर्मामीटर हातात धरून झटकला. दुसऱ्या झटक्याला मनगट टेबलाच्या कडेवर आपटलं आणि थर्मामीटरचं टोक फुटून पाऱ्याचे मणी फरशीभर पळाले.

अक्काताईच्या जिभेवर ते वाक्य अकरा वर्षं तयार होतं. तेच ते, शब्दाला शब्द. तिनं तोंड उघडलंही. पण त्याआधी जया कागद घेऊन खाली बसली होती. हात लावू नका रं, इख असतंय ते, असं तिनं बाकीच्यांना दटावलं, गुरुजींनी शिकवलं होतं तसं कागदाच्या घडीनं मणी गोळा केले, आणि मग वर बघून, अगदी साध्या मनानं विचारलं,

"बाई, आता गुरुजींनाबी कणकुंबीला धाडणार काय?"

त्या शाळेत कणकुंबी हा धाक होता. काही फुटलं की कणकुंबीला धाडीन, असं गुरुजी अकरा वर्षं पोरांना आणि मास्तरांना म्हणत आले होते. कुणामुळं म्हणत होते हे जयाला माहीत नव्हतं. गुरुजींना होतं. ते फुटका थर्मामीटर हातात धरून तसेच उभे राहिले, आणि हात खाली न्यायचं त्यांना सुचेना.

"न्हाय गं," अक्काताई म्हणाली. "कणकुंबीची पोरं लई गुणाची हैत. त्यांना असली शिक्षा कशाला?"

पोरं हसली. त्यांना वाटलं, बाईंनी गंमत केली. गुरुजी खुर्चीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

तिनं सगळ्या पोरांना पास केलं. ती पास होती म्हणून केलं. सत्कार पुढं झाला, आमदार आले, शालही मिळाली. पण बाईंचं ते वाक्य पोरांबरोबर घरोघरी गेलं होतं. फेटा बांधताना मांडवाच्या मागच्या अंगाला कुणीतरी 'कणकुंबी' म्हणालं आणि बायकांनी तोंडाला पदर लावले. हे अक्काताईला नंतर कळलं. तिचं काम त्या आधीच, चाचणीच्याच दिवशी, गाडीच्या थांब्यावर पुरं झालं होतं.

ती थांब्यावर उभी होती. गुरुजी मागोमाग चालत आले. डोक्यावर टोपी नव्हती. रस्त्याकडं बघत म्हणाले,

"बाई, झालं-गेलं मनात ठेवू नका."

अक्काताईनं पिशवी खाली ठेवली.

"गेल्या खेपेला आई कशी हाय इचारलासा. मी बरी हाय म्हणाले. ती न्हाय, गुरुजी. तुम्ही मला जूनात कणकुंबीला धाडलं, ती श्रावणात गेली. वाट बंद हुती. तिच्या मातीला मी न्हवते."

लांबून गाडीचा धुरळा दिसला.

"अकरा वर्सं मी मनात ठेवलं," ती म्हणाली. "आता तुम्ही ठेवा."

गाडी आली. खिडकीजवळची एक जागा रिकामी होती. ती जाऊन बसली, पदर सारखा केला आणि कंडक्टरकडं निपाणीचं एक तिकीट मागितलं.